लबोनाच्या वाटणीची भाकर

माझा धाकटा भाऊ हानिन वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमला गेला तेव्हा अंगाने चांगला दणकट होता. भरलेलं जाळं एकट्याने ओढायचा. परत आला तेव्हा अंगावर नेसूचं तेवढं होतं, आणि नजर सारखी दाराकडे. त्याच्या गुरूंना, रब्बींना, धरायला माणसं आली त्या वेळी जैतुनाच्या बागेतून जे पळाले, त्यांत हा सगळ्यात पुढे होता. हे त्यानेच मला सांगितलं. मी म्हटलं, "बरं केलंस. नाहीतर तुलाही खांबावर टांगलं असतं." त्यावर तो बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग एकेक बातमी येऊ लागली. रब्बींना खांबावर खिळून मारलं, पुरलं, वर धोंडा लोटला, आणि आता ते हिंडताहेत. बंद दाराच्या घरात येऊन उभे राहतात. भाजलेला मासा मागून खातात. दोघांबरोबर वाटेने कितीतरी वेळ चालले तरी त्या दोघांनी ओळखलं नाही. जेवायला बसून भाकर मोडली तेव्हा ओळखलं, आणि ओळखेपर्यंत समोरची जागा रिकामी. ज्यांनी पाहिलं ते रडत, हसत सांगायचे. माझ्या मात्र अंगावर काटा यायचा. माणूस कितीही प्रेमाचं असो, एकदा पुरल्यावर त्याने दार न उघडता घरात यावं हे मला पसंत नाही. मी रोज संध्याकाळी उंबऱ्याशी चुलीतली राख पसरायला लागले. आमच्यातली म्हातारी माणसं सांगत आली आहेत की भुताची पावलं राखेत कोंबड्याच्या पायांसारखी उमटतात. येईल ते माणूस आहे की आणखी काही, हे कळलेलं बरं.

सरोवराकाठचं आमचं सगळं गावच त्या दिवसांत बदललं. अनोळखी माणूस दिसला की लोक आधी त्याचे हात बघत, खिळ्यांच्या खुणा आहेत का म्हणून. कोण कुठला हे विचारायच्या आत त्याला जेवायला बसवत, आणि त्याने भाकर मोडेपर्यंत कोणी घास घेत नसे. एका सुया विकणाऱ्या म्हाताऱ्याने तर तेवढ्यात चांगलं बाळसं धरलं.

हानिनला मात्र रब्बी दिसले नाहीत. डोंगरावर इतक्या जणांना दिसले, तेव्हा हा मासे खारवायच्या खोलीत पिंपांमागे लपून बसला होता, तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून. ते कळलं तेव्हा तो घरी आला, उंबऱ्यावर उभा राहिला आणि हात वर करून म्हणाला, "कोनाम! रब्बी स्वतःच्या हाताने भाकर मोडून देत नाहीत तोवर माझ्या तोंडात घास जाणार नाही."

कोनाम म्हटलं की संपलं. ते अन्न त्या माणसाला देवाला वाहिल्यासारखं होतं. त्याला हात लावायचा नाही. त्याची बायको लबोना माझ्याकडे बघतच राहिली. मग आम्ही दोघींनी त्यातून वाट काढली. शपथ घासाची होती, घोटाची नव्हती. आम्ही त्याला मसुरीचं पाणी पाजू लागलो. पण पाण्यावर मच्छीमार किती दिवस तगणार? जव कापून झाला, गहू पिवळा पडला, आणि हानिनच्या मनगटाची हाडं वर आली. भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून तो बसायचा. बाहेर पाऊल वाजलं की विचारायचा, "कोण?" शेळी असली तरी विचारायचा.

शपथ सोडवताही येते. जाणता शास्त्री नसला तर साधी तीन माणसं बसली तरी चालतं. मी गावातली तीन माणसं आणून बसवली. त्यांतल्या थोरल्याने रीतीप्रमाणे विचारलं, "हानिन, असे हाल होतील हे ठाऊक असतं तर तू शपथ घेतली असतीस का?" नाही, एवढं म्हटलं की ते तिघे त्याला मोकळं करणार होते.

"घेतली असती," हानिन म्हणाला.

"अरे, नीट विचार करून बोल."

"आज पुन्हा घेईन."

तिघे उठून घरी गेले. रब्बींच्या बरोबरचे लोक आले, म्हणाले, आम्ही त्यांच्या नावाने भाकर मोडतो, आमच्या हातची घे. तो म्हणाला, "तुम्ही पाहिलंत त्यांना. तुमचं पोट भरलंय." नंतर ते फिरकले नाहीत. ज्यांना दिसले त्यांना न दिसलेल्यांजवळ बसवत नसावं.

एके दिवशी लबोना मला अंगणात अंजिराच्या झाडाखाली घेऊन गेली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. म्हणाली, "आक्का, हा गव्हाच्या कापणीपर्यंत टिकत नाही."

"दिसतंय मला."

"सगळे म्हणतात ना, पाहून ओळखू येत नाहीत, भाकर मोडली की येतात?"

"म्हणतात खरं."

"मग जो कोणी येऊन मोडेल तोच ते. नाही म्हणून कोण सांगणार आहे?"

मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तिचा दंड धरला. "लबोना, मेल्या माणसाचं सोंग आणणार तू? घरात?"

"मेलेले नाहीत म्हणतात ना. मग सोंगाला भ्यायचं काय कारण?" ती म्हणाली. "आक्का, मला नवरा हवाय. पाप लागलं तर मला लागू दे."

तिने सगळं आधीच जमवून ठेवलं होतं. मग्दलाच्या बाजारात पलीकडच्या तीरावरचा एक मीठ विकणारा तिला भेटला होता, तोबिया नावाचा. आमच्या गावात त्याला कोणी ओळखत नव्हतं. खारवलेल्या माशांची एक बरणी तिने त्याला देऊन ठेवली, आणि एका भिंतीआड उभं राहून सगळं शिकवलं. अंगरख्याच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घ्यायच्या, हात दिसता कामा नयेत. दिव्यापासून लांब बसायचं. आशीर्वाद म्हणायचा, भाकर मोडायची, द्यायची आणि निघून जायचं. फार बोलायचं नाही. शब्बाथ, विसाव्याचा दिवस, उलटला की दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ये, असं ठरलं.

त्या दिवशी दुपारपासून सरोवर खवळलं. वारा असा की आमच्या माणसांनी होड्या पार घरांपर्यंत वर ओढून ठेवल्या. मी म्हटलं, आज काही तो येत नाही. तरी लबोनाने जवाची भाकर भाजली. मी उंबऱ्याशी राख पसरली. कोंबड्या अंजिरावर चढून बसल्या होत्या.

अंधारायच्या सुमाराला वारा एकदम पडला. इतका, की आतल्या मडक्यात थेंब पडत होता तो ऐकू आला. मग बाहेर धप्, धप् असा आवाज झाला. मी डोकावले. कोंबड्या एकेक करून झाडावरून खाली उड्या टाकत होत्या. एकदा चढलेली कोंबडी उजाडल्याशिवाय उतरत नाही. या उतरल्या, काही न ओरडता अंगण ओलांडून आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे तो उभा होता.

"कोण?" भिंतीजवळून हानिनने विचारलं.

"मीच," तो म्हणाला. "शांती असो."

माझी पाचावर धारण बसली. लबोनाने मला कोपर मारलं आणि डोळ्यांनी खुणावलं की तोच आहे, तोबिया. मला धीर आला. डोक्याचं फडकं, ओढलेल्या बाह्या, सगळं तिने सांगितल्याप्रमाणे. कपडे मात्र कोरडे होते. वळसा घालून काठाकाठाने चालत आला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

तो दिव्यापासून लांब बसला. भाकर घेतली, वर पाहिलं, आशीर्वाद म्हटला. मोडली. भाकर मोडल्याचा तो आवाज मला आजही कधीकधी येतो, घरात कोणी काही मोडत नसताना. हानिन हातांवर रांगत त्याच्यापर्यंत गेला.

"मी पळालो," हानिन म्हणाला.

"ठाऊक आहे. खा."

हानिनने दोन्ही हातांत धरून तो तुकडा खाल्ला, सगळा, आणि मांडीवर पडलेले कणही वेचून खाल्ले. मग त्या पाहुण्याने मला तुकडा दिला. मला भूक लागली होती, मी खाल्ला. जवाची भाकर लागते तशीच लागली. मग त्याने उरलेला तुकडा पुढे केला आणि म्हणाला, "लबोना, ही तुझी."

लबोनाला हसू येत होतं, ते तिने ओठ मिटून दाबलं. "राहू दे, मी मागून खाईन," ती म्हणाली. त्याने हात मागे घेतला नाही. तसाच पुढे धरून बसला. शेवटी तिने तुकडा घेतला आणि कोनाड्यात ठेवून दिला. दिवा मंद झाला होता, म्हणून मी वात सारायला वळले. परत पाहते तो जागा रिकामी.

"गेला," लबोना माझ्या कानाशी लागली. "बिचाऱ्याने सांगितलं तस्संच केलं. ते नावानं हाक मारायचं मात्र त्याच्या मनाचं हं. नाटकी मेला."

कोंबड्या परत झाडावर गेल्या होत्या.

सकाळी मी उठले ती आधी राख बघायला गेले. सगळीकडे कोंबड्यांचीच पावलं. मी पटकन मागे सरले, आणि मग माझं मलाच हसू आलं. काल दाराशी उभ्या कोण होत्या? माझी सगळी राख त्यांनी तुडवून ठेवली होती. माणसाचं पाऊल त्यात असलंच तर आता दिसणार नव्हतं. हानिन दाराबाहेर उन्हात बसून जाळं सांधत होता आणि कांदा-भाकर खात होता. खाताना गुणगुणत होता. लबोना त्याच्याकडे पाहत झाडत होती. झाडता झाडता तिला कोनाड्यातला तुकडा दिसला. "आक्का, हे सोंगाचं अन्न घरात कशाला?" म्हणून तिने तो कुस्करला आणि कोंबड्यांपुढे टाकला. त्या तुटून पडल्या.

उन्हं चढली, पाणी शांत झालं, हानिन होडीवर गेला. मग दारात एक माणूस आला, पाठीवर मिठाची पिशवी, हातात बरणी. मी त्याला पाहिलं आणि कालचाच आला म्हणून आत या म्हटलं.

"हानिनची बायको इथेच राहते ना?" त्याने विचारलं. लबोना बाहेर आली तसा तो ओशाळला. "बाई, रागावू नको. काल पाण्यापुढे इलाज नव्हता. आमच्या तीरावरून एक होडी सुटली नाही. ही तुझी बरणी. उघडलीसुद्धा नाही."

लबोना हसली. "थट्टा पुरे, तोबिया. काम चोख केलंस. बरणी ने."

"कसलं काम? मी आत्ता येतोय."

"काल तू इथे बसला होतास. तिथे, भिंतीशी. मला नावाने हाक मारलीस."

तोबिया आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. "बाई, नाव काही तू मला सांगितलं नव्हतंस," तो म्हणाला. "हानिनची बायको एवढंच म्हणाली होतीस. गावात त्याच नावाने विचारत आलो मी." त्याने बरणी उंबऱ्यावर ठेवली आणि आमचे चेहरे पाहून पाणीही न मागता गेला.

मी डोळे मिटून कालचा चेहरा आठवून पाहिला. तोबियाचाच आठवला. तेच नाक, तीच दाढी. हात आठवायला गेले तर नुसत्या बाह्या. तेवढं त्याला लबोनानेच बजावलं होतं.

लबोना तशीच वळली. अंगणात गेली, गुडघ्यांवर बसली आणि कोंबड्यांना हाकलून माती चाळायला लागली. मी म्हटलं, "अगं, उठ. सकाळीच टिपलं त्यांनी सगळं. हानिन खातोय, हानिन जगला, तेच हवं होतं ना तुला?"

"हात पुढे धरून बसले होते, आक्का," ती म्हणाली. "मी घेत नव्हते तरी."

मग मीही खाली बसले. माझे गुडघे दुखतात, पण बसले. आम्ही दोघी अंजिराच्या मुळांपाशी बोटांनी माती उकरत राहिलो. पुष्कळ वेळाने तिला एक कण सापडला, मसुरीच्या दाण्याएवढा, मातीत लडबडलेला. तो त्याच तुकड्याचा की हानिनच्या सकाळच्या भाकरीचा, हे कोणी सांगावं? आमच्या अंगणात कण पडतच असतात. तिने तो पुसला नाही. तसाच तोंडात टाकला.

मी विचारलं, "कसा लागतो?"

"मातीसारखा," ती म्हणाली, आणि किती तरी वेळ चावत बसली.