नळीच्या तोंडावरचा ब्रेक

काजू वेचायला गेलेल्या जानकीला रानडुकराने ठार मारलं, त्या दिवसापासून डोंगरात कोणी गेलं नाही. चौऱ्याऐंशी सालचा एप्रिल होता. बोंडं झाडांखाली कुजत होती आणि त्यांचा आंबूस वास वाऱ्याबरोबर थेट घरात येत होता. कोणाच्या तरी फासकीची तार त्या डुकराच्या मागच्या पायात रुतली होती. जखम चिघळली होती, आणि त्या वेदनेने पिसाळून ते दिसेल त्याच्या अंगावर येत होतं.

गावात ठासणीच्या बंदुका होत्या, पण एक बार काढला की पुन्हा दारू ठासेपर्यंत डुक्कर अंगावर आलंच. रायफल एकच, कावेरीच्या नवऱ्याची. विठोबा तोफखान्यातून हवालदार होऊन परतला होता. तोफांनी त्याचा डावा कान कायमचा नेला होता. डुक्कर मारायची परवानगी आली तेव्हा साहजिकच तो गेला. पहिली गोळी डुकराच्या पाठीवरून गेली. दुसरी झाडायला त्याने वेळच दिला नाही. विठोबाला लोकांनी झोळीत घालून आणला, तेव्हा उजवा हात कोपरापासून उसवलेला होता.

आता कोण, हे ठरवायला सगळे विठोबाच्या ओसरीवर जमले. कावेरी आतून म्हणाली, "मिया मारतलंय."

माहेरच्या बागेत ती लहानपणापासून ठासणीच्या बंदुकीने वांदर हाकलायची. नेम चांगला होता. परवानगी विठोबाच्या नावावर होती, पण पोलीसपाटील उठता उठता म्हणाला, "तुमी काय करतास, ता माका दिसणा नाय." त्याची सून डोंगरापलीकडे माहेरी अडकून पडली होती.

पण रायफल म्हणजे ठासणी नव्हे. परसात नारळाचं सोडण ठेवून कावेरीने पहिली गोळी झाडली आणि ती मागच्या मागे बसली. तिसऱ्या गोळीपर्यंत खांदा काळानिळा झाला. त्याहून वाईट म्हणजे धक्क्याची धास्ती मनात बसली. घोडा ओढण्याआधीच तिचे डोळे मिटायला लागले. एकही गोळी सोडणाला लागेना.

"माका जमाचा नाय," ती रडवेली होऊन म्हणाली. "अवो, माका खराच जमाचा नाय."

विठोबाने कट्टा गावाहून गुरुदासला बोलावून घेतलं. पंपाच्या इंजिनांची कामं करणारा हा लेथवाला हाताचा पक्का होता. विठोबाने डाव्या हाताने जमिनीवर कोळशाने आकृती काढली.

"तोफेच्या तोंडार आसता, तसोच ब्रेक व्हयो. गोळयेच्या मागसून येणारो वायू दोनय बाजूंच्या भोकांतून भायर पडता. मगे बंदूक इतकी मागे ढकलणा नाय, तोंड वर उडणा नाय. दुसरी गोळी लगेच मारूक गावता."

"मधला भोक जरा तिरका झाला तर?" गुरुदासने विचारलं.

"तर गोळी तेकाच आपटात. म्हणान तर तुका बोलावलंय."

कावेरी दाराशी उभी होती. "आणि तेचा वायट काय, ता सांगा."

विठोबाने कोळसा खाली ठेवला. "आवाज. फुडे जायचो तो बाजूक येता. शेजारी जो आसात, तेच्या कानाचा काय खरा नाय."

"मगे शेजारी कोण बसतलो?"

"मिया. डुक्कर खंयसून येता ता रानात आयकूनच कळता, आणि तुझ्या कानांत कापूस आसतलो. माझो डावो कान मेलेलोच आसा. तो तुझ्या बाजूक करतलंय."

तिला ते पटलं नाही. तरी तिने कापसाचे बोळे करून ठेवले.

गुरुदासने नळीच्या तोंडाला आटे पाडून ब्रेक बसवला. कावेरीने गोळी झाडली. खांद्याला कोणीतरी नुसतं ढकलल्यासारखं झालं, आणि सोडण उडालं. मात्र दोन्ही बाजूंचा पाचोळा भिरभिरत वर गेला, गोठ्याचे पत्रे थडथडले आणि कुत्रा जो पळाला तो संध्याकाळपर्यंत फिरकला नाही. कावेरीने विठोबाकडे पाहिलं. तो सोडणाकडे बघत होता.

डुक्कर दुपार कलली की व्हाळाच्या कोंडीतल्या साठलेल्या पाण्यात लोळायला येई. बाकी व्हाळ आटला होता. पलीकडच्या दगडी गडग्याआड दोघं बसली. विठोबा तिच्या उजवीकडे, मेलेला कान तिच्याकडे करून. चांगल्या कानातला कापूस त्याने काढून मुठीत धरला होता. जखमी हात गळ्यात बांधलेला होता.

बराच वेळ काही हाललं नाही. कावेरी कोंडीवर डोळे लावून होती. अचानक विठोबाची मान ताठ झाली. डुक्कर कोंडीकडून येतच नव्हतं. ते उजवीकडून, गडग्याच्या अलीकडून, करवंदीच्या जाळीतून सरळ त्यांच्यावर येत होतं.

"उजव्यान!" तो ओरडला.

कावेरीने रायफल वळवली. नळीच्या तोंडाशीच विठोबा होता. त्याने स्वतःला जमिनीवर झोकून दिलं. धड असलेला हात अंगाखाली अडकला, आणि चांगला कान वर राहिला. ब्रेक अगदी त्या कानाशेजारी आला.

"सरका!" ती किंचाळली. "अवो, सरका!"

जाळी फाटली. डुक्कर बाहेर पडलं.

"मार गो!" विठोबा मातीत तोंड खुपसून ओरडला. "माझ्याकडे बघू नको, मार!"

तिने मारली. डोळे उघडे ठेवून मारली. गोळी पुढच्या खांद्यात बसली, डुक्कर कोलमडलं आणि पुन्हा उठलं. नळी जागची हलली नव्हती. तिने रायफलचा बोल्ट मागे ओढून पुढे लोटला आणि दुसरी मारली. डुक्कर विठोबाच्या पायांपासून हातभर अंतरावर पडलं.

तिने रायफल टाकली आणि त्याला उताणं केलं. कानातून रक्ताची बारीक धार गळ्यावर उतरत होती. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"डुक्कर मेला मा?" त्याने विचारलं, फार मोठ्याने.

"मेला," ती म्हणाली. मग ओरडून म्हणाली. मग नुसती मान हलवली.

तालुक्याच्या डॉक्टरने बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले आणि कावेरीला बाजूला घेतलं. बाजूला घ्यायची गरज नव्हती.

बायका पुन्हा टोपल्या घेऊन डोंगरात जाऊ लागल्या. जाता जाता त्या विठोबाला हात करत, तोही हसून हात करी. एके दुपारी जेवता जेवता तो म्हणाला, "तू बरोबर केलंस. ब्रेक नसतो, तर दुसरी गोळी बसाक नसती." त्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला. कावेरीने त्याच्या ताटात भात वाढला, भांडं खाली ठेवलं आणि ती मागच्या परसात गेली. तिथे माडाला टेकून ती गळा काढून रडली. घरात बसलेला माणूस ऐकेल, ही भीती आता उरली नव्हती.

ऐकलं ते हौसाबाईने, जानकीच्या सासूने. ती कुंपणातून धावत आली, शेजारी बसली आणि तिने कावेरीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

"तेणा सांगल्यान म्हणान मारलंय," कावेरी म्हणाली. "नसता सांगल्यान, तरी मारलं असतंय. ताच माका सोसणा नाय."

हौसाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. आतून विठोबाने पाणी मागितलं, मोठ्याने. कावेरीने पदराने तोंड पुसलं आणि ती उठली.