चौथ्या चाकाचे उत्तर

वस्तादाच्या थोरल्या लेकीचे लग्न झाले, त्याच वर्षी मी या दुकानात आलो. लेक सासरी गेली आणि टायरच्या दुकानाची वही लिहायला कोणी उरले नाही. त्याच सुमारास वस्तादाची धाकटी बहीण नवऱ्याचे घर कायमचे सोडून, दोन पिशव्या घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. वस्तादाने तिला काही विचारले नाही. "वही रिकामी पडलीय, बस," एवढेच म्हणाला. तीन महिन्यांत तिने वही मार्गी लावली आणि मग मला मागवले. वस्तादाची लेक तिला आत्या म्हणे, म्हणून सगळी गिऱ्हाइकेही आत्याच म्हणू लागली. मीही तेच म्हणेन.

मित्रांनो, मी एक जुना टेस्टर आहे. टायरमधल्या सेन्सरशी बोलणे हे माझे काम. मी टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडा जाड आहे. माझ्या डोक्यावर एक आखूड शिंग आहे आणि पोटावर छोटा पडदा. माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. तिथे एकीने माझे पोट बंद केले, दुसरीने स्क्रू आवळले, तिसरीने बटणे दाबून पाहिली, आणि त्यांतल्या कोणाचाच चेहरा मला आठवत नाही. मला आठवतो तो आत्याचा हात. तिने मला खोक्यातून काढले, आधी पदराला हात पुसले आणि मग माझ्या पडद्यावरचा पातळ कागद अगदी हळू सोलून काढला.

नव्या गाड्यांच्या प्रत्येक चाकात, हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या मागे, अंगठ्याएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. गाडी उभी असली की तो झोपतो. मी जवळ जाऊन हाक मारली की जागा होतो आणि तीन गोष्टी सांगतो: स्वतःचा नंबर, टायरमधली हवा, आणि त्याच्या अंगातल्या सेलमध्ये किती जीव उरला आहे ते. मी ते ऐकतो आणि पडद्यावर लिहितो. पण माझ्यात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकतो. चाकांच्या बाबतीत मी आंधळा आहे. मला फक्त ऐकू येते. मी ज्याला हाक मारली तो गप्प राहिला आणि शेजारचा बोलला, तर मी शेजाऱ्याचे उत्तर त्याच्या नावावर लिहून मोकळा होतो.

आत्याने माझी ही खोट पहिल्याच महिन्यात ओळखली. एका गाडीची दोन चाके एकच नंबर सांगू लागली, तेव्हा तिने दुकानभर फिरून शोध घेतला. बोलत होते ते कोपऱ्यात काढून ठेवलेले तिसरेच चाक. त्या दिवसापासून तिने नियम केला. गाडी आधी बाहेर मोकळ्यावर ढकलायची, रचून ठेवलेल्या चाकांपासून दहा पावले लांब न्यायची, आणि मगच मला हातात घ्यायचे.

वस्ताद गाडी ढकलायला मदत करी आणि वर टोमणाही मारी. "तुझ्या रिमोटला एकांत लागतो काय गं? नव्या जावयासारखे लाड आहेत त्याचे!"

"दादा, तुझ्या जावयापेक्षा जास्त बोलतो हा."

"ते मात्र खरं."

बाहेर नेल्यावर ती ठरलेल्या क्रमाने फेरा घाली. डावे पुढचे, उजवे पुढचे, उजवे मागचे, डावे मागचे. प्रत्येक चाकाचा नंबर वहीत लिही. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गाडीला वहीत स्वतंत्र पान होते. पुन्हा गाडी आली की जुना नंबर आणि नवा नंबर शेजारी शेजारी ठेवून पाही. कोणी घाई केली तर म्हणे, "दोन मिनिटं उशीर चालेल, चाक निघून गेलेलं नाही चालणार."

वस्तादाची रीत वेगळी होती. तो मूठ वळून टायरवर एक ठोसा देई, कान वाकडा करी आणि सांगे, "यात चार पौंड कमी आहे." हवा मोजायचे गेज लावले की चार कमीच निघे. चाळीस वर्षांचा हात होता तो. मला बघून तो हसे. माझ्यावर त्याचा राग नव्हता, विश्वासही नव्हता.

एकदा शाळेच्या बाई गाडी घेऊन आल्या. समोरचा, टायरची हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा पेटत होता. वस्तादाने चारही चाकांवर ठोसे दिले. "काही नाही बाई, दिव्यालाच खोड आहे." आत्या माझ्यासह मागून आली, फेरा घातला आणि म्हणाली, "उजवं मागचं सहा कमी." चाक काढले तर पाण्यात इवलेसे बुडबुडे आले. एक बारीक खिळा होता. बाई आत्याकडे पाहून म्हणाल्या, "देवासारख्या भेटलात." वस्ताद पंक्चर काढत खाली मान घालून बसला होता. आत्या त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, "चालतंय."

त्याच्या तोंडून सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे हे "चालतंय". आत्याला ते पुरत नव्हते. मी तिच्या हातात असे, म्हणून मला ते कळे. दर वेळी आकडा बरोबर आला की तिची पकड किंचित घट्ट व्हायची आणि ती भावाकडे बघायची. भावाने तिला घर दिले होते, जेवण दिले होते, कधी वाकडा शब्द दिला नव्हता. पण आपण या दुकानात दयेवर नाही, कामावर आहोत, हे तिला त्याच्याच तोंडून ऐकायचे होते. असे ऐकायचे राहून गेले की माणूस चांगल्या जेवणानंतरही उपाशी राहतो. सात वर्षे ती वाट बघत होती.

आणि वस्तादाचा ठोसाही वाया जात नव्हता बरे. एकदा मी सांगितले की चाकात हवा पूर्ण आहे. वस्तादाने ठोसा दिला, हात फिरवला आणि टायरच्या आतल्या कुशीला गेलेली चीर दाखवली. तिथून रबराखालचा दोर दिसत होता. मी तर हवेचेच सांगतो, चिरेचे मला काय कळणार! त्या दिवशी आत्याने हात जोडले. "दादा, तुझा हात आणि माझा रिमोट, दोन्ही मिळून एक माणूस होतो."

दुकानाची स्वतःची एक जुनी व्हॅन होती. मोठ्या गोदामातून टायर आणायला वस्ताद ती वापरी. तिच्या डाव्या मागच्या चाकातल्या सेन्सरचा सेल केव्हाच संपला होता आणि समोरचा पिवळा दिवा कायम पेटलेला असे. वस्तादाने त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. "डोळ्यात जातो," म्हणाला. आत्या म्हणे, "या आठवड्यात बदलू." मग गिऱ्हाईक येई. गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी, घरची गाडी मागून, असेच चालले. वहीत त्या व्हॅनचे पानही नव्हते. घरच्या गाडीचे पान कोण ठेवतो?

त्याच जातीची एक व्हॅन भंगारात निघाली, तेव्हा वस्तादाने तिची चारही चाके उचलून आणली. हवा भरून भिंतीला लावून रचून ठेवली. "कधीतरी लागतील," म्हणाला.

आठव्या वर्षी एका बुधवारी सकाळी वस्तादाला गोदामात जायचे होते. व्हॅन दुकानात आत, भिंतीला चिकटून उभी होती. बाहेर एक गाडी जॅकवर चढवलेली, तिची दोन चाके काढलेली. व्हॅन ढकलायला वाट नव्हती.

"उतार आहे रस्त्यात, येताना माल भरलेला असेल. थांब, चाकं बघते," आत्या म्हणाली.

"बघ पटकन. गोदामवाला दुपारी कुलूप लावतो."

दहा पावलांचा नियम तिला आठवला. मला माहीत आहे, कारण ती एक क्षण थांबली आणि तिने बाहेरच्या जॅकवरच्या गाडीकडे पाहिले. मग तिने फेरा सुरू केला. डावे पुढचे बोलले. उजवे पुढचे बोलले. उजवे मागचे बोलले. चौथ्यासाठी तिने व्हॅन आणि भिंत यांच्या फटीत हात घातला आणि मला लांबवले. मी हाक मारली.

व्हॅनच्या चाकातला सेन्सर कधीचाच मेला होता. तो गप्प राहिला. त्याच्यापासून वीतभर अंतरावर, भिंतीला रचलेल्या चाकांतल्या एकाने उत्तर दिले. हवा तेहतीस. सेल चांगला. मी तेहतीस लिहिले.

आत्याने तेहतीस वाचले. चौथ्याचा सेल संपलेला होता, हे तिलाच सगळ्यांत आधी कळले होते. पण भाऊ हातात किल्ली घेऊन उभा होता, आणि कधी नव्हे तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तिच्या डोक्यातून ते निसटले. माणसाच्या डोक्यातून असे निसटते.

वस्ताद सवयीने मूठ वळून फटीत शिरू लागला. फट अरुंद, त्याचे पोट मोठे.

"राहू दे दादा, अडकशील," आत्या हसली. "चारही बरोबर आहेत."

"रिमोट म्हणतो?"

"हो. आणि मी म्हणते."

तो मागे सरला. हात झटकले. मग म्हणाला, "तू म्हणतेस ना, मग झालं. तुझं कधी चुकलंय का?"

मित्रांनो, तिने मला इतके घट्ट धरले की माझे एक बटण आपोआप दाबले गेले. सात वर्षे वाट पाहिली ते वाक्य आले होते. वस्ताद आत बायकोला सांगायला गेला, मग व्हॅन घेऊन निघाला. आत्या सगळी सकाळ गुणगुणत होती.

येताना व्हॅन टायरांनी गच्च भरलेली होती. चौथ्या चाकात निम्मीच हवा होती. ते उतारावर तापले आणि फुटले.

पुढचे दिवस मी सांगत नाही. दुकान बंद होते आणि मी टेबलावर होतो. पोलिसांनी कागदावर 'टायर फुटल्याने' असे लिहिले आणि ते गेले.

सोळाव्या दिवशी आत्याने दुकान उघडले. तिने मला हातात घेतले आणि शेवटची तपासणी पडद्यावर आणली. ती माझ्यात साठलेली असते. तिने चौथ्या चाकाचा नंबर एका कागदावर लिहिला. मग ती भिंतीजवळ गेली आणि रचलेल्या चाकांना एकेक करून विचारू लागली. वरचे चाक वेगळे बोलले. त्याच्या खालचे वेगळे. तिसऱ्याला हाक मारली.

तेहतीस. तोच नंबर.

तिने कागद पाहिला, पडदा पाहिला, पुन्हा कागद पाहिला. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, "तू गप्प का नाही बसलास रे?"

मी जे ऐकले ते लिहिले होते.

दुकानाच्या मागेच घर होते. तिने मला खिशात टाकले आणि ती आत गेली. वस्तादाची बायको, तिची वहिनी, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यात वस्तादाचे दोन शर्टही होते.

"वहिनी, मागचं डावं चाक मी तपासलंच नव्हतं."

"असं काय बोलता वन्सं? तपासलंत की. ते जाताना मला सांगून गेले. म्हणाले, आज बहिणीनं गाडी पास करून दिलीय. किती खुशीत होते."

"भिंतीजवळचं चाक बोललं वहिनी. गाडीचं बोललंच नाही. दादा हात लावायला जात होता. मी नको म्हटलं."

वहिनीचा हात घडीवर थांबला.

"पोलिसांना माहीत आहे?"

"नाही. कोणालाच नाही."

"मग मला कशाला सांगितलंत? मी इतके दिवस नशिबाला दोष देत होते. तेवढ्यावर माझं चाललं होतं. आता रोज तुम्हाला ताट वाढताना मी काय करू, ते सांगा."

आत्याने मान खाली घातली. "तुम्ही म्हणाल तर मी जाते."

"कुठे जाल?" वहिनी म्हणाली आणि शर्टाची घडी पुन्हा मोडून पहिल्यापासून घालू लागली.

आत्या गेली नाही. वहिनीने ताट वाढायचे थांबवले नाही, फक्त समोर बसायचे थांबवले. दोघी एका घरात राहतात आणि कामापुरते बोलतात.

त्या दिवशी आत्याने मला टेबलाच्या खालच्या खणात ठेवले. तिथे मोडकी गेजे आहेत, गंजलेले नट आहेत. माझ्या पोटातले सेल फुगून पाझरले आहेत आणि एका बटणाखाली पांढरे मीठ साचले आहे. दुकान चालू आहे. बाहेरचे आवाज मला येतात. आत्या आता प्रत्येक चाकाजवळ गुडघे टेकून बसते, साधे गेज लावते. त्यानंतर एक ठोसा ऐकू येतो. तिचा ठोसा हलका आहे, त्यातून तिला काही कळत असेल असे मला वाटत नाही. तरी ती देते. कोणी विचारले, "आत्या, तुमचा टेस्टर कुठे गेला?" तर म्हणते, "बंद पडला."

बंद पडण्याआधी मला ठेवले गेले, एवढेच मला म्हणायचे आहे. पण तिला मी दोष देत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या हातात माझ्याहून कितीतरी हुशार यंत्रे येतील. ती तुम्हाला चटकन उत्तर देतील. ते उत्तर नक्की कोणाचे आहे, एवढे थांबून पाहत जा. आणि परक्यांच्या गाडीसाठी जी दहा पावले चालता, ती आपल्या माणसाच्या गाडीसाठीही चाला. त्याला घाई असली, वाट अडलेली असली, तो पहिल्यांदाच तुमच्यावर विश्वास टाकून हसत उभा असला, तरी चाला. तेव्हाच जास्त चाला. त्याला रागवू द्या. गोदामाला कुलूप लागले तर लागू द्या.

टायरवाला वस्ताद, वय एकोणसाठ, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, बुधवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी उताराच्या रस्त्यावर जागच्या जागी गेला.