न बोललेलं भाकीत

भविष्य पाहण्याची देणगी एका पिढीत एखाद्यालाच लाभते. मिनेसोटातल्या केटल फॉल्स गावात ती ऑर्विल हॅकबार्थला लाभली होती, यावर एकमत होतं. हे मत ऑर्विलचं होतं.

पुरावा मात्र उलट होता. गावच्या छोट्या बेसबॉल संघात दर उन्हाळ्यात नवी पोरं येत. एखाददुसरं वर, मोठ्या शहराच्या संघात जाई, बाकीची घरी. एका गोलंदाजाबद्दल ऑर्विलने भर बारमध्ये सांगितलं होतं, "याचा पुतळा उभारतील." तो गोलंदाज आता ऑर्विलच्याच छपराच्या पन्हळी साफ करायला येतो. काम बरं करतो.

यावरून ऑर्विलने धडा घेतला. आपली पारख चुकली नव्हती. आपण ते मोठ्याने बोललो, हे चुकलं. गोलंदाजाने समोरच्या संघाला एकही फटका मिळू दिलेला नसला, की शेवटचा गडी बाद होईपर्यंत त्याबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बोललं की बिघडतं.

म्हणून कोल्बी स्वेनगार्ड हा फलंदाज आला तेव्हा ऑर्विल मूग गिळून बसला. चेंडू हवेत कितीही वळला तरी या पोराचे पाय डगमगत नव्हते. ऑर्विलला पहिल्याच आठवड्यात कळलं. पण नुसतं गप्प बसून त्याचं समाधान होईना. नशिबाला गुंगारा द्यायचा म्हणून तो तिसऱ्या बेसमागच्या बाकावरून रोज ओरडू लागला, "घरी जा रे बाळा, आई वाट बघतेय." पोराला दृष्ट लागू नये, एवढाच हेतू.

त्याच उन्हाळ्यात त्याचा मेहुणा डेलमार बारमध्ये सहज म्हणाला, "हा पोरगा वर जाणार." डेलमारला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसे. कोल्बी त्याच्या घरी रिकाम्या खोलीत राहत होता, इतकाच संबंध.

"कशावरून?" ऑर्विलने विचारलं.

"एका बैठकीत खिम्याचा अख्खा मीटलोफ संपवतो."

कोल्बी वर गेला. तेव्हापासून बारमध्ये डेलमारला कोणी स्वतःच्या पैशाने पिऊ देत नाही. नव्या पोरांबद्दल लोक त्याचं मत विचारतात. तो विचारतो, "जेवतो कसा?" लोक गंभीरपणे मान डोलावतात. त्या वेळी ऑर्विलच्या पोटात जे पेटतं ते आम्लपित्त असल्याचं तो बायकोला सांगतो.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कोल्बी गावात आला, तेव्हा सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू त्याने टाकावा असं ठरलं. तो झेलण्याचा मान, 'ज्याने त्याला प्रथम ओळखलं' त्याला. म्हणजे डेलमारला.

ऑर्विलने कोल्बीला कुंपणापाशी गाठलं. "मी ऑर्विल. तिसऱ्या बेसमागचा."

कोल्बीने निरखून पाहिलं. "आई वाट बघतेय, तेच ना तुम्ही?"

"तोच. ते मी मुद्दाम ओरडायचो. तू वर जाणार हे मला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं."

"मग तसं म्हणायचं ना."

"म्हटलं असतं तर तू गेला नसतास."

कोल्बीने जरा विचार केला. "डेलमार म्हणाले की. तरी गेलोच."

डेलमारने फोटो काढायला सोपवलेला कॅमेरा घेऊन ऑर्विल बाकावर येऊन बसला. मैदानात डेलमार उजव्या-डाव्याचा घोळ घालत हातमोजा चढवत होता. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. "ऑर्विल," डेलमारने तिथूनच हाक मारली, "फोटोत माझं पोट येऊ देऊ नकोस रे."

ऑर्विल उठला. इतक्या वर्षांचं आत साचलेलं सगळं वर आलं.

"कोल्बी, तू वर दहा वर्षं खेळशील. मी सांगतोय. ऑर्विल हॅकबार्थ सांगतोय."

"लोक बघतायत. खाली बस," बायको लोरेटा म्हणाली.

तो बसला. छाती हलकी झाली होती. डेलमारच्या हातून चेंडू सुटला, तेही त्याने पोटभर पाहून घेतलं.

कोल्बी वरच्या संघातून एकूण चार सामने खेळला. चौथा, ऑर्विल उठून ओरडला त्याच्या आदल्याच आठवड्यात झाला होता.