टिबुकलीच्या पोटातलं नाव

मेलेला पक्षी मिळाला तर तो थंड ठेवून तडक आणावा, उन्हात पिशवीत कोंबून दुसऱ्या दिवशी आणू नये, एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही. पक्षी मेला तरी त्याच्या आतड्यातले किडे काही तास जिवंत असतात, आणि माझं काम त्यांच्याशी असतं. शिळा पक्षी घेऊन कोणी दारात उभं राहिलं की माझं डोकं फिरतं, आणि मग मी काय बोलते ते माझं मलाही नंतर आठवत नाही.

त्या सकाळी मात्र मच्छीमारानं टिबुकली अगदी ताजी आणली होती. बिचारी तळ्यात बुड्या मारता मारता जाळ्यात अडकून बुडाली होती. त्यानं तिला ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. मी त्याला चक्क "शाबास" म्हटलं, तर तो दचकून मागे सरला. माझ्या तोंडून बरा शब्द ऐकायची कोणाला सवय नाही.

या टिबुकलीची मी किती दिवस वाट बघत होते, आणि ती कधीच येऊ नये असंही मनातून वाटत होतं. त्याला कारण बाई.

बाई म्हणजे माझ्या गुरू. प्रयोगशाळेच्या याच खोलीत, याच टेबलाशी त्यांनी मला किडा कुंचल्यावर उचलायला शिकवलं. पाणपक्ष्यांच्या आतड्यात चपटे किडे राहतात, पानासारखे, तांदळाच्या कणीएवढे. ते काढायचे, रंगवायचे, काचेवर चिकटवायचे आणि कोण कुठला ते ओळखायचं, हा आमचा धंदा. "याचा उपयोग काय?" असं कोणी विचारलं तर बाई शांतपणे समजावून सांगायच्या. मी दार दाखवते.

बाईंनी जन्मभर हजारो किडे ओळखले, पण नवी प्रजाती म्हणून नाव दिलं ते एकाच किड्याला. टिबुकलीच्या पोटातल्या. आणि नाव दिलं नवऱ्याचं.

नवरा तळ्यावरचा नावाडी. मेलेले पक्षी होडीतून तोच आणून द्यायचा, आणि पक्षी आणता आणता सूत जमलं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाचं निमित्त झालं आणि धडधाकट माणूस गेला. मूलबाळ नाही. होडी दिरानं विकली. फोटो एकच, आणि त्यातही ते पाठमोरे, होडीत वाकलेले. बाई कधी त्यांच्याबद्दल बोलल्याच तर किड्यावरून बोलायच्या. "लोकांची नावं रस्त्यांना देतात," म्हणायच्या, "आमच्या ह्यांचं टिबुकलीच्या पोटात आहे. पण आहे ना! जगात जिथं कुठं किड्यांची यादी छापतात, तिथं आहे." म्हणताना हसायच्या, पण त्या हसण्यात काय होतं ते मला कळत होतं.

आणि नेमका हाच किडा वरच्या मजल्यावरच्या जनुकवाल्याच्या तावडीत सापडला.

जनुकवाला म्हणजे माझा सहकारी. तो किड्याकडे बघत नाही, त्याचं चिमूटभर मांस यंत्रात घालतो. माणूस सरळ आहे, म्हणून तर भांडायचीही सोय नाही. एक दिवस खाली आला आणि चाचरत म्हणाला, "मॅडम, ही प्रजाती वेगळी नाहीच. फार पूर्वी जिला नाव दिलंय, तीच ही. कोणीतरी जास्त दाबून चपटा केलेला किडा बघितला आणि नवा समजला."

"कोणीतरी नाही," मी म्हणाले. "बाईंनी."

आमच्यात नियम असा, की एकाच प्राण्याला चुकून दोन नावं पडली तर जुनं राहतं आणि नंतरचं रद्द होतं. मग ते नाव कोणाचं का असेना.

"लिहावं तर लागेल," तो म्हणाला. "मी लिहू, की तुम्ही?"

"कोणी काही लिहायचं नाही," मी खेकसले. "आधी बाईंच्या तळ्यावरची ताजी टिबुकली येऊ दे. मी माझ्या डोळ्यांनी बघते. तुझं यंत्र गेलं खड्ड्यात."

तर ती टिबुकली आता माझ्यासमोर होती.

आतडं मिठाच्या पाण्यात उघडलं, हलक्या हातानं हलवलं. किडे सुटे होऊन वर आले. जिवंत किडा थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर अंग चोरून मुटकुळं करतो, मग त्यातलं काही ओळखता येत नाही. म्हणून आधी कोमट पाणी. दमलेलं पोर अंथरुणावर पसरावं तसा तो हळूहळू सैल होतो. त्या दिवशी मी अक्षरशः किड्याशी बोलत होते. "न दाबताच रुंद हो रे बाबा. एवढं एक कर माझ्यासाठी." कोणी ऐकलं असतं तर मलाच बरणीत घालून ठेवलं असतं.

पुढचे दिवस रंगवण्यात आणि लवंगेच्या तेलात गेले. त्या तेलात किडा काचेसारखा पारदर्शक होतो. "तुझ्या अंगाला दातदुखीचा वास येतो," असं माझी बहीण म्हणते, ते काही खोटं नाही.

मग मायक्रोस्कोपखाली बघितलं. किडा लांबट, सडपातळ. बाईंच्या किड्यात दोन वृषणं शेजारीशेजारी होती, हीच तर त्याची खूण. इथं ती एकामागे एक. गळ्याभोवतीचे काटे मात्र बाईंच्या किड्याइतकेच, तसेच. शेवटची आशा म्हणून मी राखून ठेवलेला दुसरा किडा काढला. तो जिवंत असतानाच मी दोन काचांमध्ये घट्ट दाबून मारला होता. दाबूनही तो बाईंच्या किड्यासारखा झाला नसता, तर बाईंचा खरंच वेगळा ठरला असता. तो रुंद झाला होता, वृषणं सरकून शेजारी आली होती. बाईंचाच किडा, हुबेहूब.

झालं. मी तिथंच बसून रडले. दुःखानं कमी, संतापानं जास्त.

जनुकवाल्याला सांगितलं, तर तो बिचारा म्हणाला, "थोडं थांबू या का? बाईंचं वय झालंय..."

"कोणाच्या मरणाची वाट बघत बसायचं?" मी ओरडले. "त्यांनी मला हे शिकवलं नाही!"

आणि संध्याकाळी बाईंच्या मूळ किड्याची एक आणि माझ्या दोन, अशा तिन्ही काचा डबीत घालून बाईंच्या घरी गेले.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं जग त्या खुर्चीभोवती आहे. हाताशी रेडिओ, औषधं, आणि जुना छोटा मायक्रोस्कोप, टोपडं घातलेला.

"तोंड का एवढंसं झालंय?" त्यांनी विचारलं. "कोणाला ओरडून आलीस?"

"रोजच्यापेक्षा जास्त नाही."

"मग तब्येत बरी नसणार तुझी."

मी डबी पुढं केली. बाईंनी टोपडं काढलं, एकेक काच लावली आणि बघत राहिल्या. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी उगाचच वाजवत होतं. त्याचा गळा धरावासा वाटला.

"हा माझा," अखेर बाई म्हणाल्या. "हा त्याचाच भाऊ, न दाबलेला. आणि हा तिसरा तू दाबलास."

"हो."

"म्हणजे माझी प्रजाती गेली."

"गेली, बाई." मी म्हणाले. "त्यांचं नाव रद्द होणार. मला लिहावं लागणार. मी खूप प्रयत्न केला हो..."

बाईंनी चष्मा काढला. "दुसरं काही नव्हतं गं ह्यांचं," एवढंच म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मी त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांत मी बाईंना कधी हात लावला नव्हता.

बऱ्याच वेळानं त्यांनी आपली काच उचलून उजेडाकडे धरली. "हा डाग अजून आहे वाटतं."

तो डाग माझा जुना वैरी. काच चिकटवायचा डिंक कडेनं बाहेर येऊन तिथंच पसरून वाळलेला. ज्या किड्यावरून प्रजातीला नाव दिलं त्या पहिल्या नमुन्याला हात लावायचा नसतो, नाहीतर मी तो कधीच खरवडून काढला असता.

"रागावू नका," मी नाक पुसत म्हणाले, "पण तुमच्या हातचं एवढं गचाळ काम मी दुसरं बघितलं नाही."

"माझ्या हातचं कुठलं!" बाईंना रडता रडता हसू आलं. "अगं, हे यायचे संध्याकाळी मला न्यायला. माझं काम काही संपायचं नाही. मग म्हणायचे, सरक, मी धरतो. पुरात होडी घालणारा माणूस, पण किडा वळवळला की घाबरायचा! 'पळून जाईल गं,' म्हणायचे आणि अंगठ्यानं काच दाबून धरायचे. मी ओरडायचे, अहो हळू, किडा आहे तो, वल्हं नाही! ऐकतील तर शपथ. रंगवून झाल्यावर, काच चिकटवतानाही तेच. म्हटलं, आता मेलाय हो तो. तरी आपले दाबून..."

बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांच्या मनात काय आलं ते मला दिसलं, कारण तेच त्याच क्षणी माझ्याही मनात आलं होतं.

किडा रुंद कशानं झाला, वृषणं शेजारी कशानं आली, आणि बाईंना त्या किड्यात जे जे नवं दिसलं ते कुठून आलं, सगळ्याचं उत्तर एकच होतं.

"तो ह्यांचा जोर होता," बाई हळूच म्हणाल्या. "मला सारखं वाटायचं, मी ह्यांचं नाव उगाच एका परक्या किड्याला चिकटवलं. पण ते तर... मग बरोबरच ठेवलं होतं की गं नाव मी!"

मी पिशवीतलं भिंग काढून डाग बघितला. इतकी वर्षं बघत होते, पण चिडून बघत होते. डिंकात बारीक रेघा उमटल्या होत्या, गोल फिरलेल्या, रुंद अंगठ्याच्या, आणि मधून एक आडवा कापल्याचा वण. मी भिंग बाईंच्या हातात दिलं.

"होडीचा दोर लागला होता अंगठ्याला," त्या म्हणाल्या. "मीच पट्टी बांधली होती."

अंधारून आलं तसा मी दिवा लावला. बाईंनी डोळे पुसले, आणि एकदम पूर्वीच्या बाई झाल्या. "लिही तू. नीट लिही. चूक कशी झाली तेही लिही. जास्त दाब पडला, म्हणावं."

"कोणाचा दाब?"

"ते शास्त्राला कशाला हवंय? आणि ही काच टाकून तर देणार नाही?"

"नाव रद्द झालं तरी पहिला नमुना कधी टाकत नाहीत," मी म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत."

ती काच कपाटाबाहेर रात्रभर राहायला नको, हाही नियम. तो मोडणाऱ्यांवर मी इतकी भडकले आहे की विचारू नका. पण उठताना म्हणाले, "आज राहू दे तुमच्याकडे. उद्या येते न्यायला."

बाईंनी मान हलवली. काच तळहातावर घेतली आणि त्या डागावर आपला अंगठा ठेवला.

"हळू," मी सवयीनं म्हणाले. "दाबू नका."

"नाही दाबत," बाई म्हणाल्या. "आता कुठं पळून जाणार आहे!"