नवरीच्या गाडीतला लाल दिवा

"पप्पा, तो दिवा परत पेटला," पॉलिन पांढरा झगा सावरत हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे. तू समोर बघ. हस." प्लासिडने स्टिअरिंग घट्ट धरलं.

समोर बघायला होता तिचा मामा क्लेमेंट. बोळिंजच्या अरुंद रस्त्यावर तो गाडीकडे तोंड करून, उलटा चालत नाचत होता. बॅन्डवाले त्याला आणखी चढवत होते आणि चर्च काही जवळ येत नव्हतं.

इंजिनातल्या तेलाचा दाब घसरला की तो दिवा लाल पेटायचा. वर्षभर त्याने प्लासिडला छळलं होतं. कधी पेटायचा, कधी नाही. आगाशीच्या मेकॅनिकसमोर तर शहाण्या बाळासारखा गप्प बसायचा. "तुम्हाला भास होतो, अंकल," असं ऐकून प्लासिड प्रत्येक वेळी चरफडत परतायचा. एवढं मात्र त्याला कळलं होतं, की गाडी पळाली की दिवा विझतो आणि तापून रांगायला लागली की पेटतो. पेटल्यावर इंजिन तसंच रेटलं तर ते कायमचं जाम होणार. या विलायती गाडीचे सुटे भाग मुंबईतही मिळत नव्हते.

सारी उमर त्याने बांद्र्याच्या एका पारशी साहेबांची गाडी चालवली. अठ्ठ्याहत्तर साली साहेब कायमचे विलायतेला गेले, तेव्हा दोनच माणसं मावणारी ही लाल स्पोर्ट्स कार त्याला देऊन गेले. केळीचा घडसुद्धा मावत नाही, म्हणून गाव हसायचं. हसेना का! रविवारी चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला तो स्वतःच्या गाडीतून जायचा. त्या गाडीवर त्याचा वेड्यासारखा जीव होता.

"क्लेमेंट! जरा पुढे सरक रे!"

"आज नाय सरकनार, भावजी! एकच भाची हाय माजी!"

प्लासिडने गिअर काढून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं, दिवा विझला. पण लोकांना वाटलं, नवरीचा बाप रंगात आला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, ट्रम्पेट वर चढलं आणि क्लेमेंट भर रस्त्यात गुडघ्यावर बसून नाचू लागला. आता या माणसाला काय म्हणावं!

पाय सैल केला तसा दिवा पुन्हा पेटला. या खेपेला तो विझायचं नाव घेईना. बॉनेटखालून टकटक ऐकू येऊ लागली.

"बंद करा ना, पप्पा. मी चालत जाते."

नवरीची गाडी चर्चच्या आधी बंद पडणं वाईट, असं गावात मानत. प्लासिडची बायको कार्मिन आठवडाभर त्याच धास्तीने रोझरीची प्रार्थना म्हणत होती आणि आता वऱ्हाडाबरोबर मागून चालत येत होती. प्लासिडने पॉलिनकडे पाहिलं. ती दिव्याकडेच बघत होती. साहेबांच्या नात्यातल्या किती मुलींना त्याने असं लग्नाला नेलं होतं. ही त्याची स्वतःची होती.

त्याने खिशातला रुमाल काढून दिव्यावर टाकला.

"आता दिसत नाही. हस बघू."

चर्चच्या पायरीशी गाडी पोचली, तेव्हा लोखंड दळल्यासारखा आवाज झाला आणि एक हिसका देऊन इंजिन थांबलं. त्याने किल्ली पुन्हा फिरवलीच नाही. गेली, गाडी गेली.

तो उतरला, वळसा घालून आला आणि पॉलिनचं दार उघडून, पाठ ताठ आणि नजर खाली ठेवून बाजूला उभा राहिला, साहेबांसाठी राहायचा तसा. पॉलिन उतरली, पण पुढे जाईना.

"पप्पा, दार सोडा आता," असं म्हणून तिने हात पुढे केला.

प्लासिडने दार हळूच लावलं. रुमाल आतच राहिला होता. त्याने कोटाच्या बाहीला डोळे पुसले आणि लेकीचा हात धरला.