न सुजलेलं बोट

“जखम अगदी स्वच्छ आहे,” रघुवीर डॉक्टर म्हणाले. “पू नाही, सूज नाही. धुऊन कोरडी पट्टी बांधा, सगुणाबाई.”

सगुणाबाईंनी चिमट्यात कापसाचा बोळा धरला खरा, पण हात पुढे गेला नाही. समोरच्या बाकावर साळूबाई नवऱ्याच्या खांद्यावर मान टाकून बसली होती. वेल्ह्याकडच्या एका वाडीतून गेनबाने तिला बैलगाडीत घालून, वाटेत एक मुक्काम करून भोरला आणलं होतं. भात कापताना डाव्या हाताच्या मधल्या बोटाला विळा लागला, त्याला आज सहा दिवस झाले होते. अंगात ताप फणफणत होता आणि दोन दिवसांपासून घशाखाली पाणी उतरत नव्हतं.

सगुणाबाईंनी आपल्या हाताची उलटी बाजू त्या बोटाला लावली. मग शेजारच्या बोटाला लावली. दोन्ही सारखीच. जखमेच्या कडा भिजलेल्या कागदासारख्या राखी दिसत होत्या. लाली नव्हती, ऊब नव्हती.

या दवाखान्यात त्यांना बावीस वर्षं झाली होती. नवरा गेला तेव्हा थोरल्या डॉक्टरांनी, म्हणजे रघुवीर डॉक्टरांच्या काकांनी, त्यांना पट्ट्या उकळायला ठेवून घेतलं. पट्ट्यांवरून त्या जखमा धुण्यावर आल्या. अक्षर एक येत नव्हतं, पण काटा, कोयता, बैलाचं शिंग, उकळतं पाणी यांनी केलेली हरतऱ्हेची जखम त्यांच्या हाताखालून गेली होती. जखम आधी तांबडी होते, मग तापते, सुजते, ठणकते आणि शेवटी पिकते, हे त्यांना वार तिथीसारखं पाठ होतं. अळशीची पोटीस कधी बांधायची आणि कधी थांबायचं, हे थोरले डॉक्टरसुद्धा त्यांना विचारायचे. ते गेल्यावर रघुवीर डॉक्टर मुंबईहून शिकून आले, त्याला आता, म्हणजे छत्तीस साली, चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत सगुणाबाईंनी त्यांना कधी उलट शब्द बोलला नव्हता.

“डाक्टर, एक बोलू का?”

“बोला की.”

“ह्ये बोट काय बरं न्हाई. सा दिसांची जखम, आन् सुजली कशी न्हाई? अंग भाजतंय, मंग बोट का गार? आवं, मेलेल्या मानसाला कापलं तर अशी जखम दिसंल.”

गेनबा दचकला. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

“पेशंटसमोर असं बोलू नये, सगुणाबाई.”

“चुकलं. पर एकवार तिचा घसा तरी बगा.”

डॉक्टरांनी नाराजीनेच साळूबाईला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि जीभ दाबून आत पाहिलं. बराच वेळ ते पाहत राहिले. घशात दोन्ही बाजूंना मळकट पांढरे चट्टे पडले होते आणि त्यांच्याभोवतीही लाली नव्हती. सरळ होत त्यांनी गेनबाला विचारलं, “मी दिलेल्या सांधेदुखीच्या गोळ्या चालू आहेत ना अजून?”

“व्हय जी. रोजच्या तीन. दोन म्हयनं झालं, येक बी चुकवली न्हाई. म्याच देतो, माज्या हातानं.”

डॉक्टरांनी साळूबाईच्या चांगल्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरला, त्यावर रंगाचं औषध घातलं आणि ते आतल्या खोलीत दुर्बिणीपाशी जाऊन बसले. या दुर्बिणीतून बारीकात बारीक वस्तू मोठी दिसे. सगुणाबाई दाराशी उभ्या राहिल्या. डॉक्टर काच सरकवत होते, बघत होते, पुन्हा सरकवत होते. चुलीवरचं पट्ट्यांचं पाणी उकळून अर्धं झालं, तरी त्यांची मान वर झाली नाही.

“नाहीत,” शेवटी ते म्हणाले. “जिथं शंभर दिसायला हवेत तिथं दोन-चार दिसतात.”

“काय न्हाईत?”

“रक्तात पांढरे कण असतात, सगुणाबाई. कुठं जखम झाली की तिथलं दुखावलेलं मांस एक रस सोडतं. तो रस नेमका कसला, ते अजून कुणाला धड सापडलेलं नाही, पण हाक मारावी तसा तो रक्तापर्यंत पोचतो. शिरा रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंतीतून पाणी झिरपतं, म्हणून सूज. आणि हे पांढरे कण त्या हाकेसरशी जागे होतात, शिरेच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि रसाच्या मागावर जखमेपर्यंत जातात. तिथं जंतूंना गिळतात आणि तिथंच मरतात. पू म्हणजे बहुतेक त्यांचीच प्रेतं.”

बावीस वर्षं सगुणाबाईंनी पू घाण म्हणून धुतला होता, नाकाला पदर लावून बादलीत ओतला होता.

“मंजी हिचं बोट हाक मारतंय, आन् यायला कुनी न्हाई?”

“तसंच.” डॉक्टरांनी कपाटातून एक इंग्रजी मासिक काढलं आणि उघडून समोर ठेवलं. “या गोळ्या हजारो लोक खातात, त्यांना काही होत नाही. पण एखाद्याच्या हाडांच्या मगजात त्या असं काही करतात की पांढरे कण तयार होणंच थांबतं. मागच्या वर्षी मी हे वाचलं होतं. वाटलं, परदेशातली गोष्ट आहे.” त्यांनी मासिक मिटलं. “आपल्याकडेही माणसंच राहतात, हे काही तेव्हा मनात आलं नाही.”

बाहेर येऊन त्यांनी गेनबाला सांगितलं, “गोळ्या आजपासून बंद. तिला मानवल्या नाहीत.” एवढंच सांगितलं. सगुणाबाईंच्या ते ध्यानात आलं.

साळूबाईला पुण्याला न्यावं, तर वाटेतल्या कापूरहोळपर्यंतच्या धक्क्यांनीच तिचा जीव गेला असता. मागच्या खोलीत तिला खाट टाकली. डॉक्टर रोज सुई टोचत आणि काचेवर कण मोजत. सगुणाबाई तिचं तोंड मिठाच्या पाण्याने पुसून घेत, पेजेची निवळ चमच्याने घशात सोडत आणि दिवसातून चार वेळा ते गार बोट धुवत. बोटाचं टोक काळं पडत चाललं होतं. गेनबा खाटेच्या पायाशी बसून असे. “बाई, ह्या गोळ्यांनी झालं का वो हे?” त्याने एकदा विचारलं. “डाक्टरास्नी इच्यार,” सगुणाबाई म्हणाल्या. त्याने विचारलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी पट्टी सोडली आणि बोटाला हात लावला मात्र, साळूबाई किंचाळली.

“आई गं! हात नगा लावू, बाई!”

नऊ दिवसांत तिच्या तोंडून फुटलेला तो पहिला मोठा शब्द होता. सगुणाबाईंनी उलटा हात धरला. बोट तापलं होतं. मुळापाशी तांबडी कड धरली होती आणि पेर टरारून फुगलं होतं.

“डाक्टर!” त्या तिथूनच ओरडल्या. “डाक्टर, सुजलं!”

डॉक्टर पळतच आले. दोन दिवसांनी बोटातून पिवळा दाट पू आला. सगुणाबाईंनी तो कोमट पाण्याने सावकाश धुतला. या खेपेला पदर नाकाकडे गेला नाही. घसा मोकळा झाला, ताप उतरला. बोटाचं पुढचं पेर मात्र काढावं लागलं. पंधराव्या दिवशी साळूबाई आपल्या पायांनी चालत गाडीत जाऊन बसली.

त्या दुपारी डॉक्टर खुशीत होते. “मुंबईला माझ्या सरांना कळवतो. तुमच्या हातामुळे वाचली ती. तेही लिहितो.”

सगुणाबाई पट्ट्या गुंडाळत होत्या. पहिल्या दिवसापासून एक गोष्ट त्यांच्या पोटात होती. इथून घालवलं तर दुसरीकडे कुठं जायचं, हाही विचार करून झाला होता.

“आन् चिमाजी?” त्या म्हणाल्या.

“कोण चिमाजी?”

“उत्रोलीचा. चैतात गेला तो. गुडघ्यासाठी ह्याच गोळ्या खात हुता. त्याचा बी घसा असाच झाला हुता. तुमी म्हनला, घटसर्प हाय.”

डॉक्टरांच्या हातातला टाक तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, “घरी कोण आहे त्याच्या?”

“म्हातारी आई हाय, आन् बायकू. फुलाबाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना बंद ठेवून दोघं उत्रोलीला चालत निघाले. कापणी झालेल्या खाचरांच्या बांधावरून डॉक्टर पुढे चालले होते आणि मध्येच थांबत होते. गावाच्या तोंडाशी ते अगदीच थांबले. आता परत फिरतात की काय, असं सगुणाबाईंना वाटलं. पण त्यांनी फक्त चष्मा पुसला.

फुलाबाई अंगणात भात पाखडत होती. डॉक्टरांना बघून ती उठली, तशी त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः उभेच राहिले.

“चिमाजीला घटसर्प नव्हता,” ते म्हणाले. “मी दिलेल्या गोळ्यांनी त्याचं रक्त बिघडलं आणि मग घसा. मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं.”

फुलाबाईने सूप मांडीवर ठेवलं. तिला कळलं की नाही, हे तिच्या तोंडावरून समजेना. मग तिने सगुणाबाईंकडे पाहून विचारलं, “मंजी ताकानं न्हाई?”

“कसलं ताक, बाय?”

“घसा लई जळतोय म्हनले, म्हून म्या ताक दिलं. आदल्या दिसाचं. त्याच दिशी घसा बंद झाला. समदं गाव म्हनतंय, फुलीनं ताक पाजून मारलं.”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “ताकानं काही झालं नाही. उलट बरंच वाटलं असेल त्याला.”

“वाटलं हुतं की.” फुलाबाईचा आवाज फुटला. “बरं वाटलं म्हनले. आजून मागितलं हुतं.”

ती सुपावर वाकून रडली. डॉक्टर मान खाली घालून उभे होते. सगुणाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला रडू दिलं. मग तिने पदराने तोंड पुसलं, सूप बाजूला सारलं आणि ओट्याकडे बोट दाखवलं. तिथे चिमाजीची आई बनाबाई सुनेकडे पाठ करून उन्हात बसली होती.

“ह्ये आमच्या आत्याबाईस्नी सांगा,” फुलाबाई म्हणाली. “चैतापासनं त्या माज्याशी बोलत न्हाईत. त्यास्नी कमी ऐकू येतं, मोठ्यांदा बोलावं लागंल.”

भोरचे डॉक्टर आलेले पाहून शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली होती. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सगुणाबाईंकडे पाहिलं. सगुणाबाईंनी नजर खाली घेतली नाही.

डॉक्टर ओट्यापाशी गेले, टोपी काढून म्हातारीसमोर जमिनीवर बसले आणि मोठ्याने सांगू लागले.

“आँ?” बनाबाईंनी कानामागे हात धरला.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून, आणखी मोठ्याने सांगायला सुरुवात केली.