गोलखांब कुरकुरला तेव्हा

मित्रांनो, तुम्ही ज्याला जळाऊ लाकूड समजाल असा मी एक जुना गोलखांब आहे. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत छताला टेकू द्यायला मला तोडून आणलं होतं. पण मी जरासा वाकडा निघालो आणि वरच राहिलो. मग खाणकामगारांच्या फुटबॉल संघानं मला क्वार्टर्समागच्या मैदानात रोवलं.

खाणीत छत कोसळण्याआधी टेकू कुरकुरतो. तो आवाज आला की हातातलं टाकून पळायचं. ही सवय आमच्या खेळाडूंच्या पायांत मुरलेली.

उन्हापावसानं मला तडा गेला. एका रविवारी बोथ गावच्या कचेरीचा संघ खेळायला आला. चेंडू माझ्यावर आपटला, मी कुरकुरलो, आणि आमची माणसं एका उडीत मैदानाबाहेर.

"काऊन पळाले जी? खांब चावते का तुमाले?" बोथच्या संघातले नरसिंगराव कारकून म्हणाले. लोक पोट धरून हसले.

एकटा गोल राखणारा गोली, खुशाल नावाचा पोरगा, जागचा हलला नाही. त्यानं परतलेला चेंडू छातीशी धरला. केवढ्या टाळ्या पडल्या! त्याचा मोठा भाऊ चंपत मात्र सरळ त्याच्याकडे चालत आला. चंपत खाणीत टेकू बसवायचा, आणि महिन्याभरात खुशालही पहिल्यांदा खाली उतरणार होता.

"तू पळाला काऊन नाही?" त्यानं विचारलं.

"खेळ सोडून पळतेत का, दादा?"

"खाली असाच उभा राह्यशील. पाय शिकल्याबिगर मी तुले उतरू देत नाही."

तेव्हापासून खाणीतली पाळी सुटली की चंपत मला चेंडू मारी. मी कुरकुरलो की खुशालनं पळायचं. पण त्याचे हात चेंडूकडेच जात. चंपतची बायको भागीरथा चहा घेऊन येई आणि म्हणे, "गोली करून राह्यले का पळपुटा?" चंपत हसत नसे.

मग बोथशीच अंतिम सामना आला. बरोबरी होती, वेळ संपत आलेली. चेंडू माझ्यावर आदळला, मी कुरकुरलो. चेंडू घरंगळत खुशालच्या पायाशी आला. नुसतं वाकायचं होतं. पण खुशाल केव्हाच बाहेर उडी मारून गेला होता. नरसिंगरावांनी चेंडू अलगद आत ढकलला. कप बोथला गेला.

खुशाल मान खाली घालून उभा होता. चंपत धावत आला आणि त्यानं भावाला खांद्यावर उचललं.

"हरलो ना, दादा."

"हरलो. सोमवारी चाल माह्यासंगं खाली."

आता मैदानात लोखंडी खांब आहेत. मी भागीरथावहिनींच्या दोडक्याच्या वेलाला आधार देतो. मित्रांनो, एवढंच मागतो: कुणी पळताना दिसलं तर हसू नका. त्याला काय ऐकू आलं, ते आधी विचारा.